वाद्याचा दोष आणि विकणाऱ्याचे मौन

द्रव्याच्या आशेने नव्हे तर केवळ आवडीने जो वाद्य हाती धरतो, त्यास आपण हौशी म्हणतो. आणि हौशी मनुष्याकडून नीतीचा भंग होण्याचा फारसा संभव नाही असे आपण गृहीत धरतो. त्याचा उपद्रव झालाच तर शेजाऱ्यांच्या कानांस होतो, आणि त्याबद्दल कोणी धर्मशास्त्र उघडून बसत नाही. परंतु हाच मनुष्य वर्षादोन वर्षांतून एकदा व्यापारी बनतो. जुने वाद्य काढून टाकून नवे घ्यावे असे त्याच्या मनात येते, आणि मग वाद्याचे जे दोष त्यास एकट्यास ठाऊक असतात, ते घेणाऱ्यास सांगावे की नाही हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. बहुतेक लोक या प्रश्नाचा निकाल मौनाने लावतात. ते मौन कितपत निर्दोष आहे, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

चर्चा अधांतरी राहू नये म्हणून एक प्रसंग कल्पू. नगर-मनमाड रस्त्यावरील राहाता हे पेरूच्या बागांचे गाव. भजनातील पेटी व पखवाज या मुलखाच्या अंगवळणी पडलेले आहेत. लग्नाच्या वरातीत बँजो येऊनही पुष्कळ वर्षे लोटली. आणि आता तरुणांच्या हाती गिटार दिसू लागली आहे. समजा, तेथील पेढीवर काम करणारे एक गृहस्थ मित्रांच्या वाद्यवृंदात चार वर्षे बेस गिटार वाजवीत आले. आता त्यांस दुसरी घ्यावयाची आहे. जुनी घेण्यास एका बागाइतदाराचा सतरा वर्षांचा मुलगा वडिलांना घेऊन आला आहे. वाद्य दिसावयास सुरेख आहे. परंतु दांडीच्या पोटात जी लोखंडी सळई असते, तिचा आटा झिजला आहे, व ती आता पिळता येत नाही. हे गृहस्थांस माहीत आहे. मुलास अशी काही सळई असते हेच माहीत नाही.

ज्या वाचकांनी हे वाद्य पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचा भार पूर्वी पुरुषभर उंचीच्या डबल बास नावाच्या वाद्यावर असे. मुंबईच्या चित्रपट-संगीतात गोव्याच्या वादकांनी तेच वाजविले. त्या वाद्यास पडदे नसतात. स्वर कानाने शोधावा लागतो. सन १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर याने गिटारीसारखे, गळ्यात अडकविता येईल असे, पडदे बसविलेले व विजेवर चालणारे खर्जाचे वाद्य बाजारात आणले, आणि पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो म्हणून त्यास ‘प्रिसिजन’ हेच नाव दिले. चार जाड तारा. साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांचेच स्वर, परंतु एक सप्तक खाली. या चार तारांचा मिळून ताण दीडशे पौंडांहून अधिक असतो. तो अहोरात्र लाकडी दांडीस पुढे ओढीत असतो, म्हणून आतील सळई पिळून दांडी मागे खेचावी लागते. उन्हाळ्यात लाकूड सुकते, पावसाळ्यात फुगते. नगर जिल्ह्यासारख्या कोरड्या हवेच्या प्रदेशात तर वर्षातून दोनदा तरी ही सळई फिरवावी लागावी. जिचा आटा गेला ती सळई म्हणजे नाडी तुटलेला पायजमा. जागेवर आहे, पण धरीत काही नाही.

या वाद्याचे काम तंबोऱ्यातील खर्जाच्या तारेच्या कामाशी पुष्कळसे जुळते. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांस ते वाजते आहे हे कळतही नाही. थांबले तर मात्र गाण्याच्या खालची जमीन सरकल्यासारखी वाटते. म्हणूनच त्याची निवड कठीण. दुकानात एकट्याने वाजवून पाहणारा नवशिका जे वाद्य सर्वांत मोठा व झणझणीत आवाज काढील तेच उचलतो, आणि चारचौघांत बसल्यावर तोच आवाज इतरांच्या अंगावर धावून जातो. खर्जाची परीक्षा संगतीतच होते. मग दोष आपल्या निवडीकडे न देता मनुष्य तो वाद्याकडे देतो, ते विकतो, आणि दुसरे पुन्हा एकट्यानेच निवडतो. हौशी लोकांत वाद्ये इतक्या झपाट्याने हात बदलतात त्याचे एक कारण हे आहे. डेट्रॉइटचा जेम्स जेमर्सन हा या वाद्याचा थोर वादक. मोटाउन कंपनीच्या असंख्य गीतांचा खर्ज त्याने १९६२ सालच्या एकाच वाद्यावर वाजविला, आणि तार तुटल्याखेरीज ती बदलण्याची त्याला गरज वाटत नसे. ते वाद्य १९८३ मध्ये त्याच्या मृत्यूच्या थोडेच आधी चोरीस गेले. विकले त्याने ते नाही. अर्थात सर्वांनी जेमर्सन व्हावे असा आमचा आग्रह नाही. अदलाबदलीत आम्हांस मुळीच पाप दिसत नाही. माळ्यावर धूळ खात पडलेल्या वाद्यापेक्षा दुसऱ्याच्या घरी वाजणारे वाद्य केव्हाही बरे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. राहाता तालुक्यातच लोणी येथे जनावरांचा मोठा बाजार भरत आला आहे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यात भाव झाकलेला असतो, बैल मात्र उघडा असतो. त्याचे दात मोजता येतात, त्यास चालवून पाहता येते. डोळे उघडे ठेवणे हे घेणाऱ्याचे काम, असा तेथील न्याय. आणि दोन्ही पक्ष सारखेच जाणते असल्यामुळे तो न्याय फारसा अन्याय्य नाही. आपला १८७२ चा कराराचा कायदाही साधारण याच मताचा आहे. त्याच्या सतराव्या कलमाखाली एक उदाहरण दिले आहे. एक मनुष्य रोगी घोडा लिलावात विकतो व त्याच्या रोगाविषयी काही बोलत नाही. ही लबाडी नव्हे, असे कायदा म्हणतो. परंतु पुढच्याच उदाहरणात घोडा घेणारी विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे, आणि तेथे मात्र सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. तिसऱ्या उदाहरणात घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा निरोगी आहे असे मी समजेन’. आणि विकणारा गप्प बसतो. येथे गप्प बसणे हे बोलण्यासारखेच होय. कायद्याच्या रुक्ष पुस्तकात इतकी मार्मिक तीन वाक्ये सापडावीत याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटत आले आहे. घोडा तोच, रोग तोच, मौनही तेच. बदलते ते दोघांमधील नाते.

हा वाद फार जुना आहे. रोमन पंडित सिसेरो याने ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये आपल्या मुलास उद्देशून कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात स्टोइक पंथाच्या दोघा आचार्यांचे मतभेद दिले आहेत. डायोजिनीस म्हणे, कायदा सांगावयास लावील तेवढे दोष विकणाऱ्याने सांगावेत, बाकी आपला माल कपटावाचून मिळेल त्या भावाने विकावा; न सांगणे निराळे आणि लपविणे निराळे. अँटिपेटर म्हणे, मनुष्यमात्र एका समाजाचे घटक आहेत, म्हणून विकणाऱ्यास जे ठाऊक ते घेणाऱ्यासही ठाऊक असले पाहिजे. सिसेरोने कौल अँटिपेटरच्या बाजूने दिला. आमच्याकडील स्मृतिकारांनी तत्त्वाचा घोळ न घालता व्यवहाराची सोय पाहिली. याज्ञवल्क्याने वस्तुपरत्वे परीक्षेची मुदतच ठरवून दिली आहे: लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नांस सात, बियाण्यास दहा. वाद्य त्याच्या यादीत नाही. असते तर त्यास किती दिवस द्यावे लागले असते? लाकडाचे खरे स्वरूप एका पावसाळ्यानंतर कळते, म्हणून चार महिन्यांखाली मुदत देता आली नसती असे आम्हांस वाटते.

आता कोणी म्हणेल, घोडा व गिटार यांत भेद तो काय? दोहोंतही खोड लपविली तर घेणाऱ्याचे पैसे बुडतात, आणि बुडालेल्या पैशांचा विचार कायद्याने केलेलाच आहे. आमच्या मते भेद आहे, आणि तो मोठा आहे. विकत घेतलेला घोडा लंगडू लागला तर ‘माझेच पाय वाईट’ असे कोणी म्हणत नाही. परंतु त्या सतरा वर्षांच्या मुलाचे काय होईल ते पाहा. पावसाळा येईल, दांडी पुढे वाकेल, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातील. त्यास तार दाबण्यास दुप्पट जोर लागेल. आणि जोराने दाबलेली तार ताणली जाऊन स्वर चढा लागेल. बोटांच्या टोकांस फोड येतील. नवशिक्याची बोटे दुखतातच असे त्याने ऐकलेले आहे, म्हणून तो सोशील. स्वर बेसूर लागतो आहे हे मित्र सांगतील, किंवा त्याचा त्यासच कळेल, आणि तो निष्कर्ष काढील की आपल्याला कान नाही, आपल्या बोटांत बळ नाही, हे आपले काम नव्हे. जाणत्यास स्वतःचा दोष व वाद्याचा दोष वेगळे करता येतात. नवशिक्यापाशी ते करण्याचे साधनच नसते. तो सारा दोष स्वतःकडे घेतो. विकणाऱ्याने येथे त्याचे काही हजार रुपये घेतले ही गोष्ट गौण आहे. त्याने त्याचा स्वतःवरील विश्वास घेतला, आणि मुलास या व्यवहाराचा पत्ताही लागला नाही. जी हानी झालेल्यास कळतच नाही तिच्याविरुद्ध कोणताही कायदा दाद देऊ शकत नाही. म्हणून ती टाळण्याचा भार सर्वस्वी जाणत्यावर पडतो.

हे बेस गिटारीपुरतेच आहे असे नव्हे. पेटीचा भाता कोठे गळत असेल तर शिकणारा मुलगा आपलाच हात कमजोर म्हणून दमतो. मिरजेस शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये बनविण्यास आरंभ केला. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तंबोऱ्यांसाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळे येतात. अशा भोपळ्यास गेलेली चीर भरून वर रंग दिला तर ती डोळ्यांस दिसत नाही. तंबोरा मात्र हवा तसा बोलत नाही, आणि गाणे शिकणारी मुलगी समजते की आपल्यालाच जुळविता येत नाही.

तथापि सत्य सांगण्यातही तारतम्य हवे. काही दोष त्या जातीचेच असतात. पुष्कळशा बेस गिटारींत सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा स्वर असा असतो की तो वाजताच विझतो. नामांकित कारखान्यांची वाद्येही यातून सुटलेली नाहीत. हा दोष गंभीर चेहऱ्याने सांगून नवशिक्यास घाबरविणे यात प्रामाणिकपणापेक्षा पांडित्याची हौस अधिक. तो बोट ठेवून दाखवावा, आणि असे असतेच हेही सांगावे. सळईचा दोष या प्रकारचा नाही. तो त्या एका वाद्याचा आहे.

एक गोष्ट मात्र सळईपेक्षाही सांगावयास कठीण असते. ‘का विकता?’ असे घेणारा विचारतोच. घरात जागा नाही, वेळ मिळत नाही, बदली होणार आहे, ही उत्तरे तयार असतात व ती कधीकधी खरीही असतात. परंतु ‘मला वाजविता आले नाही’ हे उत्तर आम्ही क्वचितच ऐकले आहे. आमचा असा संशय आहे की हौशी मनुष्य वाद्याचा दोष झाकतो तो पुष्कळदा पैशाच्या लोभाने नव्हे. सळई निकामी झाली हे सांगितले तर ती कशी झाली हेही सांगावे लागते. आणि ती बहुधा धन्याने अज्ञानाने नको तितकी पिळल्यामुळेच निकामी झालेली असते. चार वर्षे वाजविणारा म्हणून ज्याची गावात थोडी ख्याती आहे, त्यास सतरा वर्षांच्या मुलापुढे हे बोलणे जड जाते. मौनामागे लोभ असेल तर तो किंमत कमी करून जिंकता येतो. मानाचे तसे नाही.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहता सांगितल्याने नुकसानही फारसे होत नाही. या गिटारीची दांडी बहुधा चार स्क्रूंनी धडास जोडलेली असते. ती काढून नवी बसविता येते. राहात्याच्या त्या गृहस्थांनी नव्या दांडीचा खर्च किमतीतून वजा करून दिला, तर मुलास नीट वाजणारे वाद्य मिळेल आणि बाप कुरकुर न करता पैसे मोजील. पुढे कधी तो मुलगा तेच वाद्य कोपरगावच्या किंवा श्रीरामपूरच्या कोणास विकील, तेव्हा दांडी मूळची नाही हे त्याने सांगावे काय? जुन्या वाद्यांचे संग्राहक मूळ भाग बदललेल्या वाद्यास कमी भाव देतात, म्हणून सांगणे उचित. परंतु ते न सांगितल्याने कोणाची बोटे फसत नाहीत, फसला तर संग्राहकाचा खिसा फसतो, आणि तेवढ्यापुरता १८७२ चा कायदा पुरेसा आहे.