ती बोललीच होती

दिवाळीनंतर आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात झाडीपट्टी नाटकांचा मोसम असतो. २०१८ मध्ये अशाच एका नाटकाच्या मध्यंतरात मोबाईलवर तनुश्री दत्ताची बातमी दिसली आणि मी बोलून गेलो, ‘मग दहा वर्षं का गप्प होती?’

ती गप्प नव्हती. २००८ मध्येच तिनं कलाकारांच्या ‘सिंटा’ या संघटनेकडे तक्रार केली होती. लैंगिक छळाचा मुद्दा तेव्हा विचारातच घेतला नाही, हे संघटनेनं २०१८ मध्ये कबूल केलं.

नाना पाटेकरांनी आरोप फेटाळले. २०१९ मध्ये पोलिसांनी पुरावा नसल्याचा अहवाल दिला. २०२५ मध्ये अंधेरीच्या न्यायालयानं, मुदत उलटली म्हणून तक्रारीची दखल घेतली नाही. म्हणून नाना दोषी आहेत, असं मी म्हणू शकत नाही. ती खोटं बोलली, असंही नाही. चौकशी वेळेवर झाली असती, तर दोघांचंही भलं झालं असतं. पण मोठ्या नटाला प्रश्न विचारणं म्हणजे त्याचा अपमान, असं आपण टाळ्या वाजवणाऱ्यांनीच ठरवून टाकलंय.

वडशाहून आलेली नाटक कंपनी पहाटे परत निघते. गाडीत एखाद्या मुलीला त्रास झाला तर? आरोप मालकावरच असेल तर? २०१३ च्या कायद्यात त्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रारीची मुदत तीन महिने. मला हे परवापर्यंत ठाऊक नव्हतं. तिला कोण सांगणार?

यंदा आमचं मंडळ नाटक ठरवेल, तेव्हा समितीचा पत्ता मेकअपच्या खोलीत मी स्वतः चिकटवणार आहे.