कंबरेला भार पेलू दे

पुणे

चि. भाचीस,


तुझा मेसेज मिळाला. गेले काही महिने कंबर धरते, वाकलं की उसण भरते आणि आता घरी इन्व्हर्जन टेबल आणावं असं मनात आहे, हे कळलं. पाय घोट्यांशी अडकवून माणसाला उलटं करणाऱ्या या यंत्राने कंबर बरी होते का, असं तू विचारलंस. माझं उत्तर आधीच सांगतो: काही वेळ आराम पडू शकतो, कंबर बरी होत नाही. दोन्ही खरं कसं, ते समजून घे आणि मग ठरव.

तुझ्या दिवसापासून सुरुवात करू. भाईंदरच्या नवघर रोडला मी इतकी वर्षं काढली, त्यामुळे तो दिवस मला ठाऊक आहे. भाईंदर ते चर्चगेट साधारण 43 किलोमीटर. विरारहून भरून आलेल्या गाडीत पाय टेकायला जागा मिळाली तरी खूप. बसायला मिळालं तर चौथी सीट, म्हणजे अर्धं अंग हवेत आणि कंबर तिरकी. पुढे आठ तास संगणकासमोर आणि संध्याकाळी पुन्हा तीच गर्दी. आपल्या भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. तिथे पॉलिशच्या मशीनवर दिवसभर वाकून उभी राहणारी माणसंही कंबर धरूनच घरी येतात. तुझं काम बैठं आणि त्यांचं उभं, पण शरीर तासन्‌तास एकाच स्थितीत अडकणं दोन्हीकडे सारखंच आहे.

आता यंत्राचं पाहू. आपल्या मणक्यांच्या मधे 23 चकत्या असतात, आत पाणीदार गर आणि भोवती चिवट कडं. दिवसभराच्या भाराने त्यांतलं पाणी थोडं थोडं बाहेर जातं आणि रात्री आडवं झालं की परत शिरतं. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने जास्त भरते. उलटं झाल्यावर हा भार उतरतो, एवढंच नव्हे तर खेच उलट्या दिशेने बसते. तुझं वजन 60 किलो धरलं तर कंबरेच्या वरचा भाग साधारण 30 किलोचा. पूर्ण उलटं झालं की ते सगळे 30 किलो कंबरेला ताणतात. टेबल 60 अंशांवर असेल तर खेच 26 किलोंची, 30 अंशांवर 15 किलोंची, आणि पाठ फळीला घासत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. चकतीवरचा दाब घटतो, दबलेल्या नसेला जरा मोकळीक मिळते, आखडलेले स्नायू सैलावतात. आराम वाटतो तो यामुळेच. तो मनाचा खेळ नाही.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी 2012 साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच चकतीमुळे सायटिका, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी कळ, झालेले आणि शस्त्रक्रियेच्या रांगेत असलेले रुग्ण त्यांनी निवडले. काहींना फिजिओथेरपीबरोबर उलटं टांगण्याचे उपचार दिले, बाकीच्यांना नुसती फिजिओथेरपी. पहिल्या गटात 77 टक्क्यांची शस्त्रक्रिया टळली, दुसऱ्यात 22 टक्क्यांची. जाहिरातींत हेच आकडे पुढे केले जातात. पण हे सारे मिळून जेमतेम दोन डझन रुग्ण होते, त्यांचं दुखणं एका ठराविक प्रकारचं होतं आणि उपचार तज्ज्ञांच्या नजरेखाली झाले. उलटं टांगणं हाही कंबर खेचण्याचाच उपचार, आणि अशा उपचाराला, म्हणजे ट्रॅक्शनला, मोठ्या पुराव्याचा आधार नाही. अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात त्याचा फायदा जवळपास दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नेहमीच्या उपचारांत ट्रॅक्शन देऊ नये, कंबरेचे पट्टेही देऊ नयेत, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. शिफारस आहे ती व्यायामाची आणि रुग्णाला दुखणं नीट समजावून सांगण्याची.

कंबरेवरचा भार काढून घेतल्यानेच ती बरी होत असती, तर अंतराळवीरांची कंबर सगळ्यांत निरोगी असायला हवी होती. ते महिनोन्‌महिने भाराविना राहतात, त्यांचा कणा लांबतो, उंची काही सेंटिमीटरने वाढते. तरीही कंबरदुखी ही त्यांची नेहमीची तक्रार आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर काही महिने राहून आलेल्या सहा जणांची एमआरआय तपासणी 2016 साली प्रसिद्ध झाली. कण्याला धरून ठेवणारे त्यांचे स्नायू 19 टक्क्यांनी घटले होते. चकती सरकण्याचा धोकाही अंतराळवीरांत इतरांच्या चौपटीहून अधिक आढळला आहे. बाळ, वजन हा कंबरेचा शत्रू नाही. रोज थोडं वजन पेलूनच ती मजबूत राहते.

उलटं होण्याची विद्या आपल्याला नवी नाही. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसनांत शरीरात काय घडतं ते उपकरणांनी मोजायला घेतलं, रक्तदाबासकट. इथे पुण्यात बी. के. एस. अय्यंगार 1937 साली आले. त्यांच्या संस्थेत, जी 1975 पासून शिवाजीनगरला आहे, भिंतींना दोर लावलेले असतात. त्या दोरांवर उलटं लटकताना पट्टा ओटीपोटाला आणि नितंबांना धरतो, घोट्यांवर भार येत नाही. पाय जमिनीवरच ठेवून, पट्टा मांड्यांच्या मुळाशी घेऊन पुढे झुकण्याचा सौम्य प्रकारही आहे. आणि शेजारी शिक्षक असतो. कोणाला, किती आणि केव्हा थांबायचं, हे तो बघतो. घरी आलेल्या यंत्राबरोबर असा माणूस येत नाही.

तो माणूस का लागतो, तेही ऐक. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने शीर्षासन करणाऱ्या 75 जणांचे डोळे तपासले आणि 2006 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या आसनात डोळ्यांतला दाब दुप्पट होत होता. काचबिंदू असेल, डोळ्याच्या पडद्याचा काही त्रास असेल, तर उलटं होणं धोक्याचं. रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघाताचा इतिहास, ठिसूळ हाडं, गरोदरपण, छातीत आम्लाची जळजळ, मानेचं दुखणं, यांतलं काहीही असेल तर हे यंत्र वर्ज्य समज. तुझ्या आईला रक्तदाब आहे. यंत्र घरात आलं की तीही एकदा करून बघेल, हे मी खात्रीने सांगतो. घोट्याची पकड नीट बसली नाही तर माणूस थेट मानेवर पडतो. आणि आपल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये टेबल गरकन फिरायला पुढे-मागे मोकळी जागा कुठून काढणार?

फिजिओथेरपिस्टने तपासून हो म्हटलं आणि तुला ते करायचंच असेल, तर घरात दुसरं कोणी असतानाच कर. 20-30 अंशांपुढे जाऊ नकोस, सुरुवातीला एक-दोन मिनिटं पुरेत, जेवल्यावर तर नकोच. वर येताना सावकाश ये आणि काही क्षण आडवी राहूनच उठ. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा पायातली कळ वाढली तर तिथेच थांब.

आता जे खरंच करायला हवं ते. 2024 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या 701 जणांपैकी निम्म्यांना चालण्याचा कार्यक्रम दिला, हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्ध्या तासापर्यंत, आणि सोबत फिजिओथेरपिस्टचं मार्गदर्शन. चालणाऱ्यांना दुखणं परत यायला साधारण 208 दिवस लागले, न चालणाऱ्यांना 112. यासाठी यंत्र लागलं नाही. तुझ्याकडे जेसल पार्कची चौपाटी आहे, खाडीचा वारा आहे. सकाळी लवकर जमत नसेल तर संध्याकाळी स्टेशनवरून रिक्षा न करता पायी घरी ये. ऑफिसात अर्ध्या-पाऊण तासाने उठ. फिजिओथेरपिस्टकडून पाठीचे आणि पोटाचे चार व्यायाम नीट शिकून घे आणि दुखणं थांबल्यावरही सोडू नकोस.

एमआरआयच्या अहवालात ‘डिस्क बल्ज’, म्हणजे चकती फुगली आहे, असं लिहून आलं तरी घाबरू नकोस. कंबर अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांतही सुमारे 30 टक्क्यांना तो दिसतो. पण लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, पायातली ताकद जाऊ लागली, किंवा दुखण्याबरोबर ताप आणि वजनात घट दिसली, तर वाट पाहू नकोस. त्याच दिवशी रुग्णालय गाठ.

म्हणून एवढं ऐक. टेबलाचे पैसे आत्ता भरू नकोस. त्यातल्या थोड्या पैशांत एका चांगल्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घे आणि पुढचे दोन महिने नेमाने चाल. त्यानंतरही टेबल हवंसं वाटलं तर मला फोन कर, आपण मिळून विचार करू. पण उद्या संध्याकाळचं चालणं चुकवू नकोस.

तुझा,
मामा