दयेचा अर्ज : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

शिक्षा माफ करण्याचा, कमी करण्याचा किंवा तिचे स्वरूप बदलण्याचा जो अधिकार संविधानाच्या अनुच्छेद ७२ ने राष्ट्रपतींना आणि अनुच्छेद १६१ ने राज्यपालांना दिला आहे, तो व्यवहारात दयेचा अधिकार म्हणून ओळखला जातो. त्याला नियमांनी बांधावे काय, हा पुढील वादाचा विषय असून, ३० जुलै २०१५ रोजी नागपूर मध्यवर्ती कारागृहात याकूब मेमन याला मुंबईच्या बॉम्बस्फोट प्रकरणी झालेली फाशी हे त्याचे उदाहरण आहे.

पूर्वपक्ष : दयेला नियम लावले, तर ती दया न राहता आणखी एक अपील होईल. शिवाय १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत त्या बॉम्बस्फोटांत जी २५७ माणसे मारली गेली, त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार शासनाला कोणी दिला?

उत्तरपक्ष : या प्रश्नाला पुरते उत्तर नाही, मात्र त्यांच्या वतीने दंड करण्याचा अधिकार ज्या वाटेने शासनाकडे आला, त्याच वाटेने तो सोडण्याचाही आला. दया मिळणे हा हक्क नसला, तरी अर्जाचा रीतसर विचार होणे हा हक्कच आहे. शत्रुघ्न चौहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्ज फेटाळल्याचे कळवणे आणि फाशी यांत किमान १४ दिवसांचे अंतर ठेवण्यास सांगितले, ते याच कारणाने.

पूर्वपक्ष : मेमनचा पहिला अर्ज २०१४ मध्येच फेटाळला गेला होता. दुसरा आदल्या रात्री फेटाळल्यावरही न्यायालय पहाटे तीननंतर सुनावणीस बसले. प्रत्येक नव्या अर्जागणिक १४ दिवस द्यायचे, तर फाशी कधीच होणार नाही.

उत्तरपक्ष : हे मान्य, पण खरी शंका मुदतीची नसून तुलनेची आहे. याच खटल्याच्या २०१३ च्या निकालात इतर दहा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, कारण न्यायालयाच्या मते ते बाण होते, तर मेमन आणि फरारी आरोपी धनुर्धर. मुख्य धनुर्धर हाती लागले नाहीत, तेव्हा त्यांचाही भार हाती लागलेल्यावर पडला काय, हे शेवटी दयेच्या अर्जावरच पाहता येते.

पूर्वपक्ष : आणि कोल्हापूरच्या बालहत्या प्रकरणातील दोघी बहिणी? राष्ट्रपतींनी नाकारूनही मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली, कारण अर्ज सात वर्षांहून अधिक काळ पडून राहिला. फाईल पडून राहिली म्हणून जीव वाचला, याला दया म्हणायचे?

उत्तरपक्ष : नाही. ती शासनाच्या दिरंगाईची भरपाई होय. दयेचा विचार तर त्या फाईलवर कोणी केला होता की नाही, हेही त्यावरून कळत नाही.