ग्रहण 1868चं, साहेब 1898चा

ऑगस्ट उजाडला की ग्वाल्हेरच्या आम्हा मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तो संदेश फिरायला लागतो: 18 ऑगस्ट 1868 रोजी नॉर्मन लॉकियरने विजयदुर्गावरून खग्रास ग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला. शिंद्यांच्या गावात किल्ल्याचं नाव निघालं की अभिमानाला वेगळं इंधन लागत नाही. पण त्या ऑगस्टात लॉकियर इंग्लंडात होता, युद्धखात्यात कारकुनी करत. भर पावसात कोकणात सूर्याचा वेध घ्यायला कोण जाईल, एवढा तरी प्रश्न पडायला हवा होता. विजयदुर्गावर तो आला 22 जानेवारी 1898च्या ग्रहणाला. किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या ओट्यां'चा संबंध असलाच तर त्या स्वारीशी. (त्याच ग्रहणात पुण्याच्या तख्तसिंगजी वेधशाळेचा नायगमवाला जेऊरला तळ ठोकून होता. त्याचं नाव कुणी फॉरवर्ड करत नाही.)

1868चं ग्रहण आपल्या भूमीवरून पाहिलं गेलं, हे खरंच. जान्सेन गुंटूरला, पॉगसन मछलीपट्टणला, आणि मराठी मुलखाचाच मान हवा असेल तर लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत. सौरज्वाळांच्या वर्णपटातली पिवळी रेषा बहुतेकांनी सोडियमची धरली. 20 ऑक्टोबरला लॉकियरने ग्रहणावाचूनच इंग्लंडातून ज्वाळांच्या रेषा पाहिल्या, आणि ती पिवळी रेषा सोडियमच्या जागेपासून जरा सरकलेली आहे हे पुढे ठरलं. इथवर वाद नाही.

गफलत होते ती पुढे. 1868त हेलियमचा शोध लागला, 1895त रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेने त्यावर शिक्का मारला, असं सगळे सांगतात. मला हे उलटं वाटतं. 1868त हाती काय होतं? एक रेषा. वजन नाही, गुणधर्म नाही. लॉकियरबरोबर प्रयोग करणारा फ्रँकलंडसुद्धा नव्या मूलद्रव्याला राजी नव्हता. 1895त रॅम्झे हेलियमच्या मागावर नव्हताच. त्याला आर्गॉन हवा होता. क्लिव्हाइट या युरेनियमच्या खनिजावर त्याने आम्ल टाकलं, निघालेला वायू शुद्ध करून नळीत भरला, वीज सोडली, तर पिवळी रेषा! ती क्रूक्सने मोजून दिली. शिक्का म्हणायचा तो एवढाच. खरं नवल निराळं होतं: हा वायू कशाशीच संयोग पावेना, अणुभार निघाला 4, आणि मेंडेलीव्हच्या तक्त्यात त्याला घरच नव्हतं. असाच निष्क्रिय असलेला आर्गॉन एकटा असता तर अपवाद म्हणून खपला असता. दोघे झाल्यावर नवा रकानाच पाडावा लागला. 1898त रॅम्झे आणि ट्रॅव्हर्सने निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन शोधून तो भरत आणला. हाच ट्रॅव्हर्स पुढे टाटांच्या बंगळूरच्या विज्ञानसंस्थेचा पहिला संचालक. सूर्यावरच्या रेषेतून यातलं काहीही कुणाला वाचता आलं नसतं.

शिवाय सूर्यावरचा वायू दगडात कसा? याचं उत्तर 1909त मिळालं. रदरफर्ड आणि रॉइड्सने दाखवलं की किरणोत्सारी द्रव्यातून सुटणारे अल्फा कण म्हणजे हेलियमच. विश्वातल्या साध्या द्रव्याचा सुमारे पाव भाग हेलियम असला, तरी आपल्या हवेच्या 10 लाख भागांत तो जेमतेम 5 भाग आहे. वजनाला हलका, त्यात कुणाशी बांधला न जाणारा. हवेत सुटला की हळूहळू अवकाशात निसटतो. ग्वाल्हेरच्या इस्पितळातल्या एमआरआयचं चुंबक उणे 269 अंशांवर ठेवणारा हेलियम सूर्याकडून आलेला नाही. तो युरेनियम-थोरियमच्या ऱ्हासातून खडकांत तयार झालेला, नैसर्गिक वायूबरोबर उपसलेला आणि आपण परदेशातून विकत आणलेला.