धर्मराज का थांबला नाही?

आजचं वाचन महाप्रस्थानिक पर्व. हिमालय चढताना द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. धर्मराज प्रत्येकाच्या पडण्याचं कारण सांगतो, पण थांबत नाही. हाच पुढे कुत्र्यासाठी इंद्राचा रथ नाकारतो! मला हे खटकतं. ठीक आहे, ते देह ठेवायलाच निघाले होते. आपण ट्रेकला परत यायला निघतो ना? २५०० मीटरच्या वर सोबत्याचं डोकं ठणकतंय, तोल जातोय, तर 'फिटनेसच नव्हता' म्हणणं म्हणजे धर्मराजाची कारणंच. त्याला लगेच खाली न्यायचं, एकटं सोडायचं नाही. शिखर राहिलं तर राहू दे.

२८ जुलै २०१८ ला पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली, तेव्हा महाबळेश्वरचे ट्रेकर्स दोर लावून खाली उतरले. खाली त्यांचं कुणी नात्याचं नव्हतं.