मुक्कामाचे ऋण

जेथे आपल्याला कायम राहावयाचे नाही, त्या जागेचे आपण काही देणे लागतो काय? बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां मंडळींना हा प्रश्न नवा नाही. मात्र त्याचा विचार आपण सहसा बिऱ्हाड हलविताना करतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

या प्रश्नाकडे समुद्रावरून पाहावे असे आम्हांस वाटते. जयपुरात बसून समुद्राच्या गोष्टी सांगणे थोडे विनोदी आहे खरे; परंतु अंतर पडल्यावाचून आपलेही नीट दिसत नाही.

मालवण-वेंगुर्ल्याकडून होडी निघाली की पहिली काही घटका सारे ओळखीचे असते. कुरव आणि सुरय घिरट्या घालतात, डॉल्फिनांच्या पाठी पाण्याबाहेर येतात. वेंगुर्ल्याच्या खडकांवर दीपगृह उभे असते आणि तेथील गुहांत पाकोळ्या घरटी करतात. किनारा दृष्टीआड झाला की पक्षी तुरळक होतात; जे दिसतात ते निराळ्याच कुळीचे. पावसाळ्याच्या मागेपुढे त्यांत एक काळपट, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेले वादळपाखरू आढळते. वजन सुमारे तीन तोळे. लाटेवर पाय टेकीत ते जणू पाण्यावर चालते. त्याचा जन्म अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर अथवा त्या बाजूच्या बेटांवर होतो. तेथे हिवाळा आला की ते विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रात उतरते. ते खारे पाणीच पिते आणि जास्तीचे मीठ नाकावाटे टाकून देते. जमिनीशी त्याचा संबंध एका अंड्यापुरता.

त्याचा देश कोणता म्हणावा? जन्म तिकडचा, अन्न इकडचे, आणि खुला समुद्र तर कोणाच्याच मालकीचा नाही. जे कोणाचेच नाही ते सर्वांचे, असे तत्त्वज्ञान सांगते. व्यवहारात मात्र जे कोणाचेच नाही त्याची काळजी कोणीच करीत नाही. राष्ट्रांच्या हद्दीपलीकडील सागरी जीवांच्या रक्षणासाठी संयुक्त राष्ट्रांत करार संमत व्हावयास २०२३ साल उजाडावे लागले.

समुद्र दूर राहो. जयपूरच्या पश्चिमेस सांभरचे खारे सरोवर आहे. रोहित पक्ष्यांचे थवे तेथे उतरतात, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून असंख्य पाहुणे येतात. २०१९ च्या नोव्हेंबरात तेथे १८ हजारांहून अधिक पक्षी मेले. कारण बोट्युलिझम. त्या रोगाची रीत विचार करावयास लावणारी आहे. मेलेल्या पक्ष्याच्या देहात विष साठते, त्यावर पोसलेल्या अळ्या दुसरे पक्षी खातात आणि तेही मरतात. मृत देह वेळीच उचलणे हा त्यावरचा मुख्य उपाय. म्हणजे येथे प्रश्न मालकीचा नव्हे, लक्ष असण्याचा आहे.

यावर कोणी म्हणेल, सरकारी माणसाची बदली होते ती त्याचा जीव कोठे गुंतू नये म्हणूनच. हा आक्षेप खोटा नाही. परंतु निःपक्षपात माणसामाणसांत ठेवावयाचा असतो. जागेविषयीची बेफिकिरी म्हणजे निःपक्षपात नव्हे. ज्याचा कोणत्याही गटाशी संबंध नाही, त्याला गावचा तलाव सर्वांत स्पष्ट दिसावयास हवा.

आपल्या पूर्वजांनी पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आणि अतिथीचाही वाटा काढून ठेवला. आपण त्यातले यजमान, असे आपण नेहमी धरून चालतो. वास्तविक बदलीचा माणूस एकाच वेळी यजमानही असतो आणि अतिथीही. त्या गावचे पाणी आपण प्यालो, तेथे आपली मुले वाढली. घरभाडे चुकते केले म्हणजे हे देणे फिटले असे होत नाही. पाखराला ऋण कळत नाही, म्हणून ते त्यातून मुक्त आहे. आपल्याला कळते. आमच्या मते ऋणी असावयास एवढे कारण पुरेसे आहे.