खोटी साक्ष आणि आपली बाजू

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आठवी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करतो आणि बहुधा तिथेच ठेवून देतो. आपण कोर्टाची पायरी चढलेलो नसतो, त्यामुळे ही आज्ञा आपल्या हातून कधी मोडलीच नाही असे आपल्याला वाटते. पण साक्ष केवळ कोर्टातच दिली जाते का? आठवड्याच्या बाजारात, एसटी स्टँडवर, मोबाईलच्या ग्रुपवर आपण रोज कोणाविषयी तरी काहीतरी सांगत असतो. तीही साक्षच आहे.

आपल्याच पालघर जिल्ह्यातील एक घटना आठवू या. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना जमावाने ठार मारले. टाळेबंदीचे दिवस होते. हे तिघे कांदिवलीहून सुरतेकडे अंत्यविधीसाठी निघाले होते. रात्री चोर येतात, मुले पळवतात, अशी अफवा त्या भागात फिरत होती आणि घाबरलेले लोक पहारा देत होते. त्याच आठवड्यात त्या परिसरात मदतीला गेलेल्या एका डॉक्टरवरही जमाव चालून गेला होता. पोलीस हजर असतानाही तिघांचे प्राण वाचले नाहीत.

पहिल्या अफवेने तीन माणसे मारली. त्यानंतर दुसरी अफवा सुरू झाली. मारणारे मुसलमान होते, असे देशभर पसरवले गेले. २२ एप्रिलला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली. तीत एकही मुसलमान नव्हता. मग यामागे ख्रिस्ती मिशनरी असल्याचे सांगण्यात आले. एका पक्षाने म्हटले, हा कम्युनिस्टांचा बालेकिल्ला आहे. दुसरा म्हणाला, ग्रामपंचायत तर भाजपची आहे. राज्य सीआयडीने जुलै २०२० मध्ये आरोपपत्रे दाखल केली, तेव्हा तपासात कारण पुढे आले ते अफवेचेच. पण तोवर ज्याने त्याने आपापला गुन्हेगार निवडून ठेवला होता. कोणाला किती शिक्षा, हे ठरवणे न्यायालयाचे काम. आपल्यापुढे प्रश्न वेगळा आहे. तीन निष्पाप जीव गेल्यावर ‘हे कसे घडले?’ असे विचारण्याआधी ‘हे कोणाच्या माथी मारता येईल?’ असा विचार माणसाच्या मनात का येतो?

यालाच ध्रुवीकरण म्हणतात. मतभेद म्हणजे ध्रुवीकरण नव्हे. लोकशाहीत मतभेद हवेतच. बाजू घेणे हेही पाप नाही. १९४५ साली आपल्या या भागातील वारल्यांनी गोदावरी परुळेकर यांच्यासोबत वेठबिगारीविरुद्ध लढा दिला, तेव्हा ‘मी मधला आहे’ असे म्हणणारा प्रत्यक्षात सावकाराच्याच बाजूचा होता. अन्यायापुढे गप्प बसायला प्रभू येशूने शिकवलेले नाही. बिघाड होतो तो पुढच्या पायरीवर. माझी बाजू खरी, म्हणून माझ्या बाजूने सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी. आणि समोरचा माझ्या विरोधात, म्हणून त्याच्याविषयी काहीही सांगितले तरी चालेल, असे मन ठरवून टाकते. तिथे न्यायाची बाजू सुटते आणि हाती फक्त टोळी उरते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या जागतिक संपर्क-माध्यम दिनाचा संदेश खोट्या बातम्यांवरच दिला होता. पहिली खोटी बातमी एदेन बागेत सर्पाने दिली, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. सर्पाने सगळेच खोटे सांगितले नाही. देवाने घातलेली मनाई खरी होती. सर्पाने ती वाढवून सांगितली आणि तिच्याभोवती संशय पेरला. हव्वेला ते पटले, कारण ते ऐकायला गोड होते.

म्हणून कसोटी अशी लावावी: जी बातमी ऐकून आपल्याला बरे वाटते, तीच आधी तपासावी. आपल्याला न आवडणारा आरोप आपण सहसा तपासतोच. ‘बघा, ही माणसे अशीच!’ असे म्हणायला लावणारी बातमी मात्र न तपासता पुढे जाते. मोबाईलवर संदेशाच्या डोक्यावर दोन बाण दिसले, तर तो अनेक हातांतून आला आहे एवढेच कळते. तो खरा आहे, असे त्याने सिद्ध होत नाही. ‘मी फक्त पुढे पाठवले’ ही सबबही चालणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून भिक्षेकरी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारण्यात आले. ती अफवा पसरवणाऱ्या बहुतेकांनी हातात काठीही घेतली नसेल.

गडचिंचलेनंतर आपल्यावर आरोप झाले, तेव्हा आपण दुखावलो. ते दुःख खरे आहे. पण ज्याच्याविषयी खोटे बोलले जाते, तो आपोआप सत्यवादी होत नाही. रवांडा देशात बहुसंख्य लोक ख्रिस्ती होते. १९९४ मध्ये तिथे रेडिओवरून शेजाऱ्यांना झुरळे म्हटले गेले आणि सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली; कित्येक तर आश्रयाला आलेल्या चर्चमध्येच. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या आणि चर्चमधील माणसांच्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. बाप्तिस्मा झाला म्हणून द्वेषाची बाधा होत नाही, असे समजू नये.

जव्हार-मोखाड्यात एकाच पाड्यावर मूळ देवांना मानणारे राहतात, आपण राहतो, वेगवेगळ्या झेंड्यांचे कार्यकर्तेही राहतात. पावसाळा सरला की सगळे एकाच गाडीने जगायला जातात. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने बालके गेली, तेव्हा भुकेने कोणाचा धर्म किंवा पक्ष विचारला नव्हता. आपण एकमेकांना संशयाने पाहू लागलो की पाणी, दवाखाना आणि रोजगार यांचा जाब ग्रामसभेत विचारायला एकत्र आवाजच उरत नाही. त्यात नुकसान कोणाचे, हे सांगायला नको.

या आठवड्यात दुसऱ्या धर्माच्या किंवा पक्षाच्या माणसांविषयी काही कानावर आले, तर तीन प्रश्न विचारू या. हे कोणी पाहिले? ज्याच्याविषयी आहे, त्याला कोणी विचारले का? हेच माझ्या माणसांविषयी असते, तर मी लगेच मानले असते का? उत्तर मिळेपर्यंत ती गोष्ट आपल्यापाशीच थांबू द्यावी. आणि पुढच्या वेळी प्रायश्चित्त संस्काराआधी मनाची झडती घेताना आठव्या आज्ञेपाशी थोडे अधिक थांबावे.